डस्टर डिझेल: टायमिंग बेल्ट बदलून वर्ष होत आलं

गाडी २०१४ ची डस्टर, ११० पीएसचं १.५ डीसीआय इंजिन, सेकंड हँड घेतलेली. रनिंग फारच कमी, त्यामुळे टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवणारा पट्टा) बदलतोय म्हटल्यावर सगळ्यांचं एकच पालुपद: "एवढ्यात कशाला?" अहो, बेल्ट रबराचा. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. म्हणून तर बेल्ट कधी बदलायचा याचे किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देतात, आणि जो आधी भरेल तो धरायचा असतो. लोक पहिलाच वाचतात. आधीच्या मालकाकडे बेल्टचं बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे माझ्या लेखी बेल्ट मूळचाच.

या इंजिनात चालता चालता बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोलावं लागतं आणि बिल बेल्टच्या कामाच्या कित्येक पट होतं. करूळ घाटात हे झालं तर टोचनचा खर्च वेगळाच.

नुसता बेल्ट बदलू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) तर हवाच, शिवाय वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. पंप पुढे गळायला लागला तर तीच सगळी खोलाखोल पुन्हा, मजुरी पुन्हा. आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात: बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा बेल्ट. तो फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून कव्हरच्या आत शिरतात आणि नवा कोरा टायमिंग बेल्टही जागेवरून सरकतो. मी तोही बदलून घेतला. मिस्त्री निवडताना एवढंच विचारलं, टायमिंग लॉक करायच्या, म्हणजे काम करताना इंजिन नेमक्या जागी अडकवून ठेवायच्या पिना आहेत का? मार्करने खुणा करून काम उरकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार केला. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का ते बघायचं असतं. आमच्या मिस्त्रींनी ते न सांगता केलं.

काढलेला बेल्ट दिसायला ठणठणीत होता. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "साहेब, अजून दोन वर्षं चालला असता." चालला असताही. नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे.

त्यानंतर गाडीत फरक काय पडला? काहीच नाही. अ‍ॅव्हरेज तेवढंच, पिकअप तेवढाच, कूलंटची पातळी जागच्या जागी. बेल्ट बदलल्यावर गाडी पळायला लागली असं कुणी सांगितलं, तर आधीचं टायमिंगच चुकलेलं असणार.

भावाकडे स्विफ्ट डिझेल आहे, तिला टायमिंग बेल्टऐवजी चेन. "चेन आहे, बघायलाच नको," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चेनला ठरावीक किलोमीटर नसतात हे खरं, पण तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला उशीर करत राहिलं की चेन झिजून लांबते आणि सकाळी गार इंजिन सुरू करताना खडखडते. तो आवाज आला की टाळाटाळ नको.

जुनी डस्टर, टेरानो किंवा व्हेरिटो डिझेल घेणार असाल (इंजिन एकाच घराण्यातलं), तर बेल्टचं बिल आधी मागा. नसेल तर तेवढा खर्च वजा धरूनच भाव बोला.