इन्व्हर्टरची बॅटरी: अँटिमनीची की कॅल्शियमची?

मावशी, तुझ्याकडे रोज तीन-चार तास लाइट जाते, तेव्हा ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांसारख्या प्लेटांची अँटिमनीवाली बॅटरीच घे. बॅटरीच्या प्लेट शिशाच्या असतात आणि शिसं मऊ असतं. त्यात थोडं अँटिमनी (धातूसारखं एक मूलद्रव्य) मिसळलं की प्लेटची जाळी कडक होते आणि बॅटरी पार उतरून पुन्हा चार्ज होण्याचा रोजचा मारा सोसते. खोड एकच: अँटिमनीमुळे चार्जिंगच्या वेळी पाणी जास्त उडतं. झाकणावरचा फ्लोट लाल खुणेपर्यंत बसला की डिस्टिल्ड वॉटर घाल. नळाचं अजिबात नको. आणि वायू निघतो, म्हणून खिडकीजवळ ठेव.

शिशात अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळलेल्या सीलबंद बॅटरीला पाण्याची कटकट नाही, पडून राहिली तरी चार्ज अगदी हळूहळू उतरतो. पण वरचेवर पूर्ण उतरली तर लवकर खराब होते. क्वचितच लाइट जाणाऱ्या ताईच्या फ्लॅटला ती बरी.