टोआ पायोत महिनाभर राहून आलो, साडेचार स्टार

सिंगापूरला मुलाकडे आमच्या दोन खेपा झाल्या. पहिल्या वेळी तो कॉन्डोत राहायचा, मोठं गेट, वॉचमन, खाली निळाशार स्विमिंग पूल, आणि दूध संपलं की तो ऑफिसातून येईपर्यंत कोरा चहा. बावीस दिवस आम्ही दोघं त्या पूलकडे बघत बसलो. ह्या वेळी म्हणाला आई मी टोआ पायोत सरकारी बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलाय भाड्याने, मी फोनवर "सरकारी क्वार्टर" ऐकलं आणि तोंडच वाकडं केलं, डोळ्यापुढे काय आलं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, गळकी टाकी आणि जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. आता परत आल्यापासून इथे इंदूरच्या रामबागेत ज्यांची ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना मी धरून धरून सांगतेय की मुलाला सांगा, कॉन्डो राहू दे, टोआ पायो बघ. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

नावाचा अर्थ मोठी दलदल. टोआ म्हणजे तिथल्या होक्किएन चिनी बोलीत मोठं, आणि पायो हे मलय "पाया" वरून आलेलं, म्हणजे दलदल. तिथला हाउसिंग बोर्ड १९६० चा, त्यांनी क्वीन्सटाऊननंतर वसवलेलं हे दुसरं टाऊन, पण पहिल्यापासून स्वतः आखलेलं हे पहिलंच, आपल्या आयडीएच्या, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाच्या, स्कीमसारखं समजा. फरक एवढाच की तिथले दहातले जवळपास आठ जण अशाच सरकारी बिल्डिंगांत राहतात त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही. गल्लीला लोरोंग म्हणतात, लोरोंग १, लोरोंग २ असं चालतं, पहिले तीन दिवस आमचे हे हमखास चुकायचे, पण ज्या माणसाने आयुष्यभर स्कीम ५४, ७४, ७८ मध्ये पत्ते शोधलेत तो चौथ्या दिवशी लायनीवर आला. बिल्डिंगच्या भिंतीवर ब्लॉकचा नंबर एवढा मोठा रंगवलेला असतो की चष्मा नसला तरी दिसतो.

खरी मजा खाली आहे. लिफ्टने उतरलं की कॉफीशॉप, भाजी मार्केट, दवाखाना, शिंपी, किराणा, सगळं पायी, आणि पावसात बरंचसं छपराखालून जाता येतं. मुलाला एकदासुद्धा फोन करावा लागला नाही, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. सकाळी ह्यांचा चहा खालीच. पण तिथे नुसतं "तेह" म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोड गोड चहा येतो, आणि ह्यांना शुगर. शेवटी काउंटरवरच्या चिनी काकांनीच शिकवलं, "तेह सी कोसोंग" म्हणायचं, सी म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि कोसोंग म्हणजे साखर नको. दुसऱ्या आठवड्यात हे लांबून नुसता हात वर करायचे आणि चहा यायचा, इतका मान ह्यांना राजवाड्याच्या टपरीवर तीस वर्षांत मिळाला नाही.

टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर तिथे बसू नका, ती जागा धरलेली असते, त्याला "चोप" करणं म्हणतात. आपण बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतो तेच. आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नियम आहे.

शाकाहारी लोकांनी मात्र सांभाळा. एका ठेल्यावर मी हिरवी पालेभाजी बोटाने दाखवून घेतली, ओन्ली व्हेजिटेबल असं तीनदा विचारलं, तो तीनदा हो म्हणाला, आणि पहिल्याच घासाला सुकटीचा वास. त्याच्या हिशोबाने तो खोटं बोललाच नाही, भाजीच होती, मसाल्यात कोळंबी वाटलेली. तेव्हापासून शाकाहारी अशी पाटी असलेल्या चिनी ठेल्यावरच गेलो, तांदळाच्या शेवया मिळतात, बी हून म्हणतात, बऱ्यापैकी फिक्या. मी पर्समधून जीरावनची, म्हणजे आपल्या इंदुरी मसाल्याची, डबी काढली आणि भुरभुरवलं. वर रतलामी सेव. हे इकडेतिकडे बघत म्हणाले अगं काय करतेस, आणि मग स्वतःच डबी ओढून घेतली.

आता इंदूरकर म्हणून एक तक्रार. स्वयंपाकघरात भिंतीत एक लोखंडी झाकण आहे, ते उघडून कचऱ्याची पिशवी सोडायची की थेट खाली. ओला सुका सगळा एकत्र! मी पहिल्या दिवशी दोन डबे घेऊन उभी, मुलगा म्हणतो आई टाक एकातच. माझा हात उठेना. आपल्याकडे सकाळी गाडी गाणं वाजवत येते आणि सुक्यात केळ्याचं साल दिसलं तर गाडीवरचा पोरगा डबा परत करतो. तिथे कचरा जाळतात आणि राख सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात, खाली रिसायकलिंगच्या निळ्या पेट्या असतात पण त्या ज्याच्या त्याच्या मर्जीवर. रस्ते चकाचक आहेत मान्य, पण ह्या एका विषयात आपण पुढे आहोत आणि मी ते मुलाच्या मित्रांना जेवायला बोलावून सांगितलं.

शेजाराबद्दल. १९८९ पासून तिथे नियम आहे, प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय सगळ्यांचा कोटा, त्याबाहेर घर विकता येत नाही. आडनाव विचारून घर दाखवणाऱ्या आपल्या लोकांना हे कळवावंसं वाटतं. बिल्डिंगखालचा मजला मोकळा ठेवलेला असतो, तिथे एका शनिवारी मलय लग्न लागलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिनी मयताचा मांडव. दोन्हीकडे गोल टेबलं, दोन्हीकडे जेवण.

आणि माझी साडी. जुन्या ब्लॉकमध्ये खिडकीबाहेर बांबू खोचायला जागा असते, त्यावर कपडे वाळत घालतात. मी अकराव्या मजल्यावरून सुती साडी दुहेरी करून घातली, ती सरळ दहाव्या मजल्याच्या खिडकीवर पडदा होऊन बसली. बेल वाजली, खालची मलय बाई. मला वाटलं आता दंड. तर तिने घडी कशी घालायची आणि चिमटे कुठे लावायचे ते दाखवलं, साडीचा काठ हातात घेऊन बघितला, माझ्या हातची चकली खाल्ली आणि गेली. पूर्ण महिन्यात माझ्या दारात आलेली ती एकटीच. अर्धा स्टार इथेच कापलाय. जाळीची दारं बंद, लोकं लिफ्टमध्ये मान हलवतात, बस. ओट्यावर बसून कोणाच्या घरी काय शिजतंय ते कळायची सवय असेल तर जड जातं.

फिरायला मेट्रो आहे, १९८७ ला सगळ्यात पहिला टप्पा सुरू झाला त्यातलंच हे स्टेशन. न्यूटनला गाडी बदलली की पुढचंच लिटल इंडिया, कढीपत्ता तिथे. लोरोंग ६ ला १९७९ चा ड्रॅगनचा झोपाळा-घसरगुंडीवाला बगीचा आहे, रंगीत फरशीचे तुकडे लावलेला, खाली वाळू, नातवंडं असतील तर न्याच. लोरोंग ८ ला कालीअम्मनचं देऊळ, हे रोज संध्याकाळी. लोरोंग ५ च्या ब्लॉक ५३ च्या गच्चीवर १९७२ साली राणी एलिझाबेथला नेऊन टाऊन दाखवलं होतं, आम्ही खालूनच बघितला, वाय आकाराची बिल्डिंग आहे.

घर बघताना मुलाला एकच विचारायला सांगा, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का. जुन्या ब्लॉकमध्ये ती ठरावीक मजल्यांवरच थांबायची, बऱ्याच ठिकाणी आता काम करून घेतलंय, पण गुडघे आपले आहेत, एजंटचे नाहीत. आणि जीरावन दोन डब्या न्या, एक मी त्या खालच्या बाईला देऊन आले.