उन्हाळीवरचं (लघवीच्या जळजळीवरचं) क्रॅनबेरी-मॅनोज सॅशे : पाचपैकी दोन गुण

मार्च लागला की लातूर, बीड, नांदेडकडच्या मेडिकलवर ‘उन्हाळी लागलीय, काहीतरी द्या’ हे सुरू होतं. पूर्वी जळजळ शमवणाऱ्या सायट्रेटची बाटली हातात पडायची. आता तिच्याशेजारी लाल-जांभळ्या खोक्यांत क्रॅनबेरी (एक आंबट लाल फळ) आणि डी-मॅनोज या साखरेची सॅशे मांडलेली असतात. ‘जंतूंना चिकटू देत नाही’ हा त्यांचा दावा. खोटा नाही, पण अर्धाच.

बायकांच्या साध्या मूत्रसंसर्गात बहुतेक वेळा गुन्हेगार असतो ई-कोलाय हा जंतू. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांना फिम्ब्री म्हणतात. जाडी साधारण 7 नॅनोमीटर, लांबी एक-दोन मायक्रोमीटर. टाइप 1 तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन असतं आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर मॅनोज साखरेचे खुंटे. फिम-एच तेच धरतं. गंमत म्हणजे लघवीच्या धारेने ओढ बसली की कुसळ रुतावं तशी ही पकड आणखी घट्ट होते, आणि गुंडाळलेला तंतू स्प्रिंगसारखा उलगडून झटका पचवतो. पुढे जंतू पेशीच्या आतही शिरतो.

सॅशेतलं मॅनोज लघवीत उतरतं आणि अस्तराऐवजी जंतूने आपल्यालाच धरावं, असं आमिष दाखवतं. कल्पना देखणी आहे. अडचण अशी, की साध्या मॅनोजवरची पकड सैल असते आणि दोनदा लघवी झाली की आमिषच वाहून जातं. पेशीत शिरलेल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. मूत्रपिंडाकडे चढणाऱ्या ई-कोलायकडे बऱ्याचदा पी-फिम्ब्री हे वेगळे तंतू असतात. ते गॅलॅक्टोजची जोडी धरतात, त्यांना मॅनोजशी देणंघेणं नाही. एन्टरोकॉकस या दुसऱ्या जंतूकडे तर फिम-एचच नसतं.

चाचण्यांचं चित्रही असंच. 2014 च्या 308 बायकांवरच्या अभ्यासात रोज 2 ग्रॅम मॅनोज 200 मिली पाण्यातून घेणाऱ्यांपैकी सुमारे 15 टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, काहीच न घेणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांना. सगळी जाहिरात यावर उभी आहे. पण त्या बायकांना आपण काय घेतोय हे माहीत होतं. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 598 बायकांवर, कुणाला काय मिळतंय हे झाकून, सहा महिने तोच 2 ग्रॅमचा डोस तपासला : संसर्गाच्या तक्रारीने पुन्हा दवाखान्यात आलेल्या मॅनोजवाल्या 51 टक्के, बिनमॅनोजवाल्या 55.7 टक्के. म्हणजे फरक नाहीच. क्रॅनबेरीची बाजू थोडी बरी. 2023 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांत धोका सुमारे 26 टक्क्यांनी घटला. गरोदर बायकांत फायदा दिसला नाही. पाचपैकी दोन गुण आम्ही देतो ते क्रॅनबेरीमुळेच.

घ्यायचंच असेल तर खोक्याची मागची बाजू वाचा. ‘क्रॅनबेरी अर्क 200 मिलिग्रॅम’ याला अर्थ नाही. त्यात पीएसी (प्रोअँथोसायनिडिन, क्रॅनबेरीतला कामाचा घटक) किती ते बघा, रोज 36 मिलिग्रॅमच्या आसपास हवं. मॅनोज 300 मिलिग्रॅम असेल तर ते अभ्यासातल्या डोसच्या सहावा हिस्साही नाही. काही मिश्रणांत पोटॅशियम सायट्रेट असतं : किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सायट्रेटने जळजळ थोडी शमते, जंतू मरत नाही. उलट लघवी अल्कली झाली की नायट्रोफ्युरँटॉइन या मूत्रसंसर्गावरच्या अँटिबायोटिकचा जोर कमी होतो, आणि दोन्ही एकाच पिशवीतून घरी जातात.

आज जळजळ होतेय म्हणून आजच सॅशे घेणं ही सगळ्यात मोठी चूक. हे असलंच तर टाळण्याचं औषध आहे, उपचाराचं नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील, किंवा रुग्ण गरोदर बाई, पुरुष वा लहान मूल असेल, तर थेट दवाखाना. अँटिबायोटिकच्या आधी कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) लघवी द्या : पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. डबी दोन तासांत लॅबला, नाहीतर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दुपारभर टेबलावर राहिलेल्या डबीत जंतू आपोआप वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

सॅशेच्या आधी जे करून बघावं ते फुकट आहे, निदान कागदावर. 2018 च्या अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. चिकटलेला जंतू धारेने सुटत नाही, पण न चिकटलेला वाहून जातो. मात्र ऊसतोडीच्या फडावर आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत पाणीच न पिणाऱ्या बाईच्या हातात सॅशे देणं निव्वळ खर्च आहे. तिथे कोप्यांजवळ (मजुरांच्या झोपड्यांजवळ) संडास लागतो.