फौजेतून आल्यावर नीटची रिपीटर बॅच: लातूरच्या ट्यूशन एरियातला माझा रिव्ह्यू

मी कोण ते आधी सांगतो, म्हंजे हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा ते कळेल. आर्मी मेडिकल कोरमधे नर्सिंग असिस्टंट होतो, पेन्शनवर आलोय, गाव उदगीरकडं. भरतीच्या आधी बीएस्सी झालेली, सेकंड क्लास, तोही काठावरचा. आता एमबीबीएसच करायचं हे पक्कं आहे, म्हणून लातूरला रूम घेतली आणि उद्योग भवनाकडच्या एका गल्लीतली ही छोटी रिपीटर बॅच लावली, म्हंजे बारावी झालेल्यांना नुसती नीटची तयारी. मोठमोठे बोर्ड असलेल्या क्लासपैकी हा नाही, टॉपरच्या फोटोंची भिंत पण नाही.

चौकशीला दोन-तीन ठिकाणी गेलो होतो. एका ठिकाणी समोरच्या माणसानं माझी बीएस्सीची मार्कशीट बघितली, वय विचारलं आणि म्हणला, सर तुम्ही डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) वगैरे बघा ना. इथल्या फिजिक्सच्या सरांनी मात्र बारावीची मार्कशीट मागितली, कारण लागते तीच. फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के, राखीवला ४० टक्के, तेवढं असलं की डिग्रीचे मार्क कुणी विचारत नाही, पुढं सगळं नीटच्या ७२० मधे किती पडतात त्याच्यावर. वयाचं पण त्यांनीच क्लिअर केलं. आधी ओपनला २५ आणि राखीवला ३० ची अट होती, २०२२ ला एनएमसीनं (नॅशनल मेडिकल कमिशननं) ती काढून टाकली, आता फक्त १७ पूर्ण पाहिजेत. गावाकडं अजूनही लोक सांगायलेत की वय निघून गेलं, त्यांचं ऐकून कित्येकजण फॉर्मच भरत नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता शिकवण्याबद्दल. फिजिक्स साठी ही बॅच लावा, डोळे झाकून. सर पहिले काही आठवडे नीटचं नावच काढत नाहीत, नुसतं युनिट, ग्राफ, व्हेक्टर, लॉग, आणि ज्याला येतंय त्याला पण बसावं लागतं. एकदा युनिट कन्व्हर्जन चालू होतं, पोरं अडखळायली होती, तर सरांनी मला फळ्यावर बोलावलं, म्हणले फौजी, सलाईन कसं लावता ते सांगा ह्यांना. मी लिहिलं, ५०० एमएल, ४ तासात द्यायचं, सेटला एका एमएलचे २० थेंब, म्हंजे १०,००० थेंब भागिले २४० मिनिटं, मिनिटाला ४२ च्या आसपास. एमआय रूममधे (युनिटच्या दवाखान्यात) हे मी रोज करत होतो, पण त्यालाच डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस म्हणतात हे त्या दिवशी डोक्यात बसलं, आणि माझ्या शेजारचा पोरगा जो मला फिजिक्स समजावतो त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. सर माणसाला जे येतं तिथून सुरू करतात.

बायोलॉजीच्या मॅडम एनसीईआरटी ओळ न ओळ वाचून घेतात, आकृतीखालची बारीक ओळ पण सोडत नाहीत. १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हंजे निम्मे मार्क तिथंच, त्यामुळं हे बरोबरच आहे. मला वाटलं होतं ह्युमन फिजिओलॉजी येतंय, पण ड्यूटीत शिकलेलं वेगळं आणि पुस्तकातली भाषा वेगळी, पेपरात पुस्तकातलंच चालतं. केमिस्ट्री कमजोर आहे, स्पष्ट सांगतो. इनऑरगॅनिक पळवलंय, पी-ब्लॉक तर नोट्सची झेरॉक्स देऊन मोकळे झाले, ज्यांचं मधे मोठं अंतर पडलंय त्यांना हे झेपत नाही, वेगळी सोय करावी लागते.

टेस्ट दर रविवारी, ओएमआरवर, २०२५ पासून जसा पेपर आहे तसाच, १८० प्रश्न ३ तास, ऑप्शनल काही नाही. चुकलेल्याचा एक मार्क कापून लगेच निकाल. निकाल पालकांच्या मोबाईलवर जातो आणि फॉर्मवर पालकांचा नंबर कंपल्सरी, मी बायकोचा दिला. ती प्रत्येक मेसेज बघून फोन करते, ह्या वेळी फिजिक्स वाढलं की ओ, असं म्हणती, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

पोरं सगळी अठरा-एकोणीसची, काका म्हणतात, मान देतात आणि प्रश्न पण बिनधास्त विचारतात. डाऊट काउंटर संध्याकाळी चालू असतो, तिथं कुणी घड्याळ बघत नाही. फी मोठ्या क्लासच्या मानानं बरीच कमी आणि हप्ते पाडून मिळतात, पेन्शनवाल्याला ते जमतं.

एक गोष्ट मात्र सुधारावी. ऑफिसमधे मला सांगितलं की माजी सैनिक आहात तर डिफेन्स कोट्यातून सीट पक्की. तसं नसतं, तो कोटा सैनिकांच्या मुलांसाठी असतो, सीईटी सेलचं (राज्यातले मेडिकलचे प्रवेश करणारं सरकारी ऑफिस) ब्रोशर स्वतः वाचा आणि कोट्याच्या भरवशावर पैसे भरू नका. कॉलेज वाढलेत हे मात्र खरं. अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगर होतेच, आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला पण सरकारी मेडिकल झालं, आणि २०२० ला ७०:३० (७० टक्के सीट त्या त्या विभागातल्या पोरांना) गेल्यापासून आपल्या भागातल्या पोरांना राज्यभरातल्या सीटवर सारखाच हक्क आहे.

बाकी वरच्या मजल्यावर पत्रा आहे, एप्रिलमधे दुपारी बसवत नाही, लाईट गेली की इन्व्हर्टरवर दोनच फॅन. गाडी लावायला जागा नाही, सायकल बरी. पाण्याचा जार रोज येतो.

ज्याचं सगळं येतंय, नुसते पेपर सोडवून रँक वर न्यायचाय, त्यानं ही बॅच लावू नये, सुरुवातीला वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. नोकरी करून आलेले, गॅप पडलेले, मराठी मिडियमचे, त्यांनी चौकशीला जाताना ऑफिसात न बसता सरळ फिजिक्सच्या सरांना भेटा, आणि बारावीची मार्कशीट सोबत न्या.