पॉइंट टू टू रायफलवर डायॉप्टर की दुर्बीण?

नागपुरात नवी पॉइंट टू टू (.२२ बोअरची) रायफल सरावासाठी तयार करताय आणि ५० मीटरच्या स्पर्धेत उतरायचंय? मग पहिल्या दिवसापासून डायॉप्टरच लावा, म्हणजे डोळ्याजवळचं बारीक छिद्र, ज्यातून नेम धरायचा. आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं, तेही डायॉप्टरमधून बघूनच. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, ते वेगळं दिसतच नाही. नळीच्या पुढच्या टोकावरच्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध बसवायचा आणि भोवतीची पांढरी फट सगळीकडून सारखी ठेवायची, एवढंच. कडं फार लहान घेऊ नका, डोळा शिणतो. गालपट्टी अशी लावा की मान न ताणता डोळा छिद्रामागे यावा.

दुर्बीण कामाची ती रायफल टेकूवर ठेवून गोळ्या तपासताना. कुठली गोळी तुमच्या नळीला मानवते, हे तिच्यामुळे लवकर कळतं. तिचा पॅरालॅक्स, म्हणजे डोळ्याच्या जागेमुळे नेमात दिसणारा फरक, मात्र ५० मीटरला जुळवा, नाहीतर डोळा जरा हलला की नेम सरकतो. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या रेंजवर तापलेल्या हवेच्या लहरी तिच्यात छान दिसतात. पण स्वतःच्या हाताचा थरथराटही मोठा होऊन दिसतो, आणि नवखा घाबरून ट्रिगर हिसकतो. माझ्या मते सरावाला ती नकोच.