कॅलिपरचा लाल रंग : आठ महिने आणि चिपळूणचा एक पावसाळा

मे महिन्यात माझ्या पल्सर १५०च्या पुढच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडने आवळून ब्रेक लावणाऱ्या भागाला, घरीच लाल रंग दिला. आता जानेवारी संपत आलाय. मधे अख्खा पावसाळा गेला आणि कुंभार्ली घाटाच्या दहा-बारा खेपा झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

खरं तर हा दुसरा प्रयत्न. आधी ‘६०० डिग्रीपर्यंत टिकतो’ असं छापलेला स्प्रेचा डबा आणला होता. दिसायला झकास. दोन महिन्यांनी ब्रेक ऑईल बदलताना, ते बाहेर काढायच्या निपलखालून एक ओघळ आला आणि बघता बघता रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. फडक्याने पुसलं तर रंग फडक्यावर आणि खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की रंग भट्टीत तापवल्यावरच पक्का होतो. मी ते वाचलंच नव्हतं. आणि आत रबरी सील असताना कॅलिपर भट्टीत घालणार तरी कसा?

मग कुतूहल म्हणून घाट उतरून आल्यावर पाण्याचे थेंब टाकून बघितले. डिस्कवर चर्रकन उडाले, कॅलिपरवर नुसते पसरून हळूहळू वाळले. म्हणजे आपल्या रोजच्या गाडीचा कॅलिपर ६०० सोडा, १००च्याही अलीकडेच होता. त्याच्या रंगाचा खरा वैरी उष्णता नाही, ब्रेक ऑईल. ऑईल डॉट ३ प्रतीचं असो की डॉट ४, साधा रंग दोन्हीपुढे टिकत नाही.

म्हणून या वेळी हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा इपॉक्सी रंग घेतला. दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग स्प्रेने मारायचा मोह होता, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट कापडी मास्कला जुमानत नाही, दमा मागे लागू शकतो. तेवढी हौस नको. ब्रशचं कामही अंगणातच केलं, हातमोजे घालून.

ब्रेकचा पाइप सोडला नाही. कॅलिपर डिस्कवरून उतरवून तारेने टांगला, पाइपवर लोंबकळू दिला नाही. आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. आपल्याकडे सगळं पेट्रोलने धुवायची सवय आहे, पण ब्रेकचे सील त्याने फुगतात. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश वापरला, मग पॉलिश पेपर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या), रबर, पिना, पॅड बसतात त्या खाचा, निपल, पाइपचा जोड हे सगळं मास्किंग टेपखाली. या झाकाझाकीत दोन तास गेले, रंगाचे दोन हात वीस मिनिटांत झाले. डिस्कवर पिशवी चढवली आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या वाटेलाही गेलो नाही.

तेवढ्यात पुतण्या गाडीवर चढला. “काका, ब्रेक लागतच नाही!” लिव्हर तीनदा दाबून झाली होती. पिस्टन निम्मा बाहेर. पॅडच्या जागी लाकडाची चकती अडकवून ठेवायला हवी होती, ती मी विसरलो. पिस्टन हळूहळू आत ढकलला, तर हँडलवरच्या डबीतून ऑईल वर येऊन टाकीवर सांडलं, कारण डबी आधीच काठोकाठ भरलेली. लगेच भरपूर पाणी ओतलं म्हणून टाकीचा रंग वाचला. पुतण्याला ओरडलो, पण चूक माझीच.

रंग रात्रभर वाळू दिला. सकाळी मेकॅनिककडून टॉर्क पान्हा (ठरावीक जोराने आवळायचा पान्हा) आणून बोल्ट आवळले आणि गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबली. हे चुकवलं तर पहिल्या वळणावर ब्रेक लागत नाही.

आजची स्थिती अशी. पोपडे नाहीत. नोव्हेंबरात मुद्दाम कोपऱ्यात ब्रेक ऑईलचा थेंब लावून दहा मिनिटांनी धुतला, डागही नाही. मात्र चकाकी गेली, उन्हाने लाल रंग विटकरी झालाय. इपॉक्सीचं ते दुखणंच आहे. बोल्टच्या डोक्याभोवती पान्हा लागून रंग उडाला आणि खालच्या कडेला, जिथे पॉलिश पेपर फिरवायचा कंटाळा केला होता, तिथे टिकलीएवढा फोड आलाय.

मागच्या ड्रमच्या प्लेटलाही लावणार होतो. पण मिसळलेला रंग संध्याकाळपर्यंत डब्यात दगड झाला, ब्रशसकट.