मालेगाव ते डोणगाव रस्त्यावरची बिनपाटीची रोडग्यांची खाणावळ

या खाणावळीवर नावाची पाटी नाही, त्यामुळे आधी पत्ताच सांगणे भाग आहे. कारंजाकडून मेहकरला जाताना मालेगाव (नाशिककडचे नव्हे, वाशीम जिल्ह्यातले मालेगाव जहांगीर) मागे पडले, की डोणगाव येण्याआधी डाव्या हाताला एक टिनाचे शेड लागते. पुढे कडुलिंब, त्याखाली दोन बाजा, आणि शेडच्या मागून गोवऱ्यांचा धूर निघत असेल, तर जागा बरोबर आहे. धूर दिसला नाही, तर काय करावे ते शेवटी सांगते.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री जेवताना यजमानांनी सहज विचारले, की उद्या लोणारला जायचे का, आणि शनिवारी सकाळी आम्ही उभयता अमरावतीहून निघालोसुद्धा. खोली राखून ठेवलेली नव्हती, पेट्रोलही वाटेतच भरले. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आम्ही मुद्दाम टाळला, कारण त्या रस्त्यावरून गावे फक्त पाट्यांवर वाचायला मिळतात. कारंजाला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी गुरुमंदिरात दर्शन घेतले, आणि पुढे कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांच्या मागे रेंगाळत खाणावळीपाशी पोहोचेपर्यंत दीड वाजला होता.

मालकीणबाईंनी पाणी ठेवतानाच बजावले, "टाईम लागीन ताई, रोडगे आत्ताच आरात टाकले." हा टाईम पन्नास मिनिटांचा निघाला. तो कशात जातो हे पाहायला मी मागच्या बाजूला गेले, आणि त्यानंतर माझी घाईची तक्रार बरीचशी उतरली. गव्हाच्या जाडसर कणकेच्या लहान पुऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, त्या सगळ्यांना बाहेरून एका मोठ्या पारीत बंद करून मुठीएवढा गोळा वळायचा आणि गोवऱ्या जळून विस्तव फुलला की तो त्यात पुरायचा. वरून आच फार लागली तर बाहेरची पारी करपते आणि आतले पदर कच्चे राहतात, म्हणून बाई चिमट्याने एकेक गोळा फिरवत होत्या, आणि काढल्यावर फडक्यात घेऊन त्याची राख अशी झटकत होत्या, जशी आपण पावसातून आलेल्या मुलाचे डोके पुसतो.

ताटात दोन रोडगे, वांग्याची भाजी, साधे वरण, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा येतो. भाजी आणि वरण हवे तितके मिळते, दर दीडशे रुपये. रोडगा मुठीने फोडला की पदर सुटे होतात. तो चुरून मध्ये आळे करायचे, त्यात वरण ओतायचे आणि वर तूप. तूप मात्र वाटीने वेगळे, वीस रुपयांना, आणि ते घेतल्यावाचून हे जेवण पूर्ण होत नाही, तेव्हा दर एकशे सत्तरच धरावा. भाजीत तुरीचे सोले घातले होते. शेतात तूर शेंगांवर असते त्याच दिवसांत हे कोवळे दाणे मिळतात, आणि वांग्याच्या मऊपणात त्यांचा किंचित गोडवा व चावायला लागणारा टणकपणा इतका चपखल बसतो, की मी पहिल्यांदा भाजी संपवली आणि मग रोडग्याकडे वळले. तिखट सोसत नसेल त्यांनी तर्री वरून काढून टाकायला सांगावे. यजमानांनी सांगितले नाही आणि नंतर अर्धा रुमाल नाक पुसण्यात घालवला. वरण मात्र पहिल्या वाढणीला कोमट होते. रोडग्यावर कोमट वरण म्हणजे सगळ्या खटाटोपावर पाणी, हे मी बाईंना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते न कुरकुरता गरम करून आणले.

खरी तक्रार दुसरीच आहे. इथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, विचारले तर समोरचे पऱ्हाटीचे शेत दाखवले जाते. ज्या जागी माणसाला तासभर थांबवून ठेवतात तिथे ही उणीव क्षम्य नाही, आणि केवळ तिच्यापायी मी या खाणावळीला पाचपैकी साडेतीनच गुण देईन. मोबाइलला रेंज नसल्याने पैसेही रोखच द्यावे लागतात.

या जेवणाची आणखी एक किंमत आम्ही मोजली. मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घेऊन लोणारला पोहोचलो तेव्हा खाली उतरण्याइतका उजेड उरला नव्हता, आणि उल्कापाताने बेसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आम्हाला काठावरूनच, मावळतीच्या राखाडी प्रकाशात पाहावे लागले. मुक्काम होता म्हणून रविवारी सकाळी उतरता आले. एका दिवसात परतणाऱ्यांनी मात्र ही खाणावळ जाताना टाळावी.

येतानासाठीही एक सूचना आहे. रविवारी सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांचा वाडा पाहून आम्ही तीनच्या सुमारास पुन्हा तिथे थांबलो, तर धूर नव्हता आणि रोडगे संपले होते. झुणका-भाकर मिळाली, भाकरी सकाळची, कडेला वाळलेली. तेवढ्यासाठी थांबू नये. "सांगून गेल्या असत्या तं ठेवले असते ना ताई," असे म्हणत बाईंनी मुलाची वही पुढे केली, ज्यात येणाऱ्यांचा वार आणि ताटांची संख्या लिहून ठेवतात. आम्ही जानेवारीतला दुसरा शनिवार सांगितला, तर त्यांनी मान हलवली: "बारा तारखेच्या मांगंपुढं नका येऊ, जिजाऊ जयंतीची लय गर्दी रायते." शेवटी तिसऱ्या शनिवारपुढे दोन ताटे लिहिली गेली आणि वरण गरम, असे मी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले.